दुसऱ्या अल्बमचा पहिला आठवडा

२००७ च्या जानेवारीत 'क्लॅप युवर हँड्स से येआ' या अमेरिकन बँडचा दुसरा अल्बम आला. 'सम लाउड थंडर' हे त्याचं नाव, आणि पहिलं गाणंही त्याच नावाचं. ते सुरू झालं की ऐकणाऱ्याचा हात आपसूक हेडफोनच्या वायरीकडे जातो. आवाज फाटलेला, गिटार आणि ड्रम एकमेकांत कालवल्यासारखे, गायक पत्र्याच्या भिंतीपलीकडून गात असल्यासारखा. सीडी खराब निघाली की स्पीकर गेला, अशी शंका येते. दोन्ही ठीक असतात. गाणं मुद्दामच तसं ठेवलेलं आहे, आणि मुद्दामच पहिलं लावलेलं आहे.

या बँडचा पहिला अल्बम २००५ मध्ये आला तेव्हा त्यामागे कुठलीही कंपनी नव्हती. पोरांनी स्वतःच सीडी काढल्या, स्वतःच विकल्या. इंटरनेटवर एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने दहा जणांना, आणि काही महिन्यांत त्यांच्या कार्यक्रमाला डेव्हिड बोवीसारखा जगप्रसिद्ध रॉक गायक येऊन गेला. मोठ्या कंपनीवाचून, आपल्या हिमतीवर केलेलं संगीत हा 'इंडी' या शब्दाचा मूळ अर्थ त्यांना तंतोतंत लागू होता. त्यांना मोठं केलं ते श्रोत्यांनी. आणि दीडएक वर्षाने, दुसरा अल्बम हातात पडल्यावर, त्याच श्रोत्यांतल्या पुष्कळांनी पहिल्या गाण्यावरूनच ठरवून टाकलं, की यांचं संपलं.

मला या घाईबद्दल बोलायचं आहे. एखाद्या बँडचा दुसरा अल्बम आला की आठवड्याभरात त्याचा निकाल लावायची जी रीत पडली आहे, ती मला अन्यायाची वाटते. त्या आठवड्यात आपण नवा अल्बम ऐकतच नसतो. आपण पहिल्या अल्बमची आठवण कानात घेऊन बसलेलो असतो, आणि नवं गाणं त्या आठवणीशी कुठे जुळतं, कुठे जुळत नाही, एवढंच तपासत असतो. नव्या सुनेच्या हातची आमटी पहिल्या दिवशी जशी चाखली जाते, तसं हे चाखणं असतं. आमटीला स्वतःची चव आहे का, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडत नाही.

पहिला अल्बम कसा होतो ते पाहिलं तर हे अधिक कळतं. वीस-बावीस वर्षांचं आयुष्य त्यात गेलेलं असतं. शाळेच्या वहीत लिहिलेल्या ओळी, पहिलं प्रेम, बापाशी झालेलं भांडण, शंभर वेळा वाजवून घासूनपुसून निघालेल्या चाली. वाईट गाणी कधीच गळून पडलेली असतात, कारण ती रिकाम्या सभागृहांत वाजवून पाहिलेली असतात. दुसरा अल्बम दौऱ्याच्या बसमध्ये, हॉटेलच्या खोलीत, दीड-दोन वर्षांत लिहावा लागतो. आणि त्या दीड-दोन वर्षांत माणसाने काय जगलेलं असतं? बस आणि हॉटेल. त्यातून तो जे काढतो ते पहिल्यासारखं असूच शकत नाही. तरी आपली अपेक्षा मात्र अशी, की ते पहिल्यासारखंही असावं आणि नवंही असावं.

ही अपेक्षा किती अशक्य आहे, ते दोन बँडच्या नशिबावरून दिसतं.

मँचेस्टरच्या 'द स्टोन रोझेस'चा पहिला अल्बम १९८९ चा. पुढच्या वर्षी मे महिन्यात स्पाइक आयलंडला त्यांनी कार्यक्रम केला, तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त पोरं जमली होती. मग आपल्याच रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेरी, मग दुसऱ्या कंपनीशी करार, मग स्टुडिओत वर्षामागून वर्षं. दुसरा अल्बम आला १९९४ च्या डिसेंबरात. त्याचं नाव 'सेकंड कमिंग', म्हणजे ख्रिस्ताचं पुनरागमन. अपेक्षेचं ओझं बँडने स्वतःच डोक्यावर घेतलं होतं. पहिलं गाणं अकरा मिनिटांचं, आणि त्यातली पहिली चारेक मिनिटं वाहतं पाणी, रानातले आवाज, लांबून येणारी गिटार. पहिल्या अल्बममधली ती हलकी, नाचरी लय कुठे गेली, असं लोक विचारू लागले. सत्तरच्या दशकातलं जड रॉक कशाला वाजवता, असंही. बँड बदलला होता, हा गुन्हा.

न्यूयॉर्कच्या 'द स्ट्रोक्स'ने उलटं केलं. पहिला अल्बम २००१ चा, दुसरा 'रूम ऑन फायर' २००३ चा. मधे त्यांनी एका नामांकित निर्मात्याबरोबर काम करून पाहिलं, जमलं नाही, आणि ते पहिल्या अल्बमच्या निर्मात्याकडे परत गेले. ११ गाणी, ३३ मिनिटं, तीच खरखरीत गिटार, तोच झोपमोड झाल्यासारखा आवाज. तर तक्रार आली, की हे तर पुन्हा तेच. बँड बदलला नव्हता, हाही गुन्हा.

दोन्ही बाजूंनी दोष येतो, तेव्हा दोष अल्बममध्ये आहे की ऐकण्यात, हा प्रश्न विचारावाच लागतो. १९८९ मध्ये अठरा वर्षांचा असलेला मँचेस्टरचा मुलगा १९९४ च्या डिसेंबरात तेवीस वर्षांचा झाला होता. त्याला नोकरी लागली असेल, किंवा गेली असेल. मधल्या काळात ब्लर आणि ओएसिस हे नवे बँड येऊन त्याच्या धाकट्या भावाचे लाडके झाले होते. त्याला परत हवा होता तो १९८९ चा उन्हाळा, आणि तो कुठल्याच सीडीत नव्हता. 'सेकंड कमिंग'वरचा राग मला बराचसा या हरवलेल्या उन्हाळ्याचा वाटतो.

पण ज्या अल्बमने मला हा विचार करायला लावला तो वेगळा आहे. तो ज्या कंपनीने काढला ती छोटी नव्हती, त्यामुळे त्याला इंडी म्हणावं का यावर वाद घालणारे घालतील. पुढच्या पिढीतल्या कित्येक छोट्या, स्वतंत्र बँडनी आपली भाषा त्यातून उचलली, म्हणून माझ्या लेखी तो याच घरातला. 'वीझर' या लॉस एंजेलिसच्या बँडचा 'पिंकर्टन', २४ सप्टेंबर १९९६.

वीझरचा पहिला, निळ्या मुखपृष्ठाचा अल्बम १९९४ चा. गोड चाली, जाड गिटार, चष्मेवाला लाजरा गायक, आणि टीव्हीवर सतत लागणारा एक गमतीदार व्हिडिओ. लाखो प्रती खपल्या. गायक रिव्हर्स क्वोमोचा एक पाय जन्मतः आखूड होता. पैसे आले तेव्हा त्याने तो लांब करून घेण्याची शस्त्रक्रिया केली. त्यात हाडात सळ्या घालून पायाभोवती लोखंडी चौकट बसवतात आणि रोज स्क्रू थोडा थोडा फिरवत हाड ताणतात, महिनोन्‌महिने दुखतं. त्याच सुमारास त्याने हार्वर्डमध्ये नाव घातलं. रॉकस्टार म्हणून ज्याला जग ओळखत होतं, तो तिथे काठी टेकत, थंडीत, एकटा वर्गांना जात होता. अंतराळातली एक रॉक संगीतिका लिहायचं त्याच्या मनात होतं, ते त्याने सोडून दिलं. त्याऐवजी त्या एकटेपणाची, वासनेची, स्वतःच्या किळसेची गाणी लिहिली. नाव घेतलं पुच्चिनीच्या 'मादामा बटरफ्लाय' या ऑपेरातल्या अमेरिकन नौदल अधिकाऱ्याचं, नागासाकीत एका जपानी मुलीशी लग्न करून तिला सोडून जाणाऱ्याचं. मुखपृष्ठावर हिरोशिगे या जुन्या जपानी चित्रकाराचं चित्र, कांबारा गावातली बर्फाची रात्र. बँडने निर्मितीही स्वतःच केली, आणि आवाज ओबडधोबड ठेवला.

दहा गाणी, जेमतेम ३५ मिनिटं. अमेरिकेतल्या खपाच्या यादीत अल्बम १९ व्या क्रमांकावर आला आणि तिथून खाली घसरला. 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या वाचकांनी मतदान करून त्याला १९९६ मधला तिसरा सर्वांत वाईट अल्बम ठरवलं. समीक्षकांनी नव्हे, वाचकांनी. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी पहिला अल्बम विकत घेतला होता त्यांच्यासारख्यांनी.

तो माझ्यापर्यंत पोचला १९९७ मध्ये. मी पुण्यात हॉस्टेलला होते, एकोणीस वर्षांची. न्यू जर्सीला शिकणाऱ्या माझ्या मामेभावाने सुटीत येताना दोन्ही सीडी आणल्या होत्या आणि जाण्याआधी मला एका नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर उतरवून दिल्या. 'ए' बाजूला निळा अल्बम, 'बी' बाजूला पिंकर्टन. मला 'ए' बाजू हवी होती. 'बी' बाजू मी एकदा ऐकली आणि मामेभावाला पत्रात लिहिलं, की हा माणूस बिघडला.

पण माझ्या वॉकमनमध्ये रिवाइंड केलं की सेल लवकर उतरायचे. पेन घालून टेप फिरवायची तर हात भरून यायचा. त्यामुळे 'ए' बाजू संपली की मी कॅसेट उलटी करून 'बी' बाजू चालू ठेवायचे, म्हणजे ती संपता संपता 'ए' बाजू पुन्हा सुरुवातीला यायची. आवडते म्हणून नाही, काटकसर म्हणून मी तो अल्बम तीन-चार महिने, दिवसातून एकदा ऐकला. ३५ मिनिटं गाणी आणि त्यानंतर दहा मिनिटं कोऱ्या टेपची सरसर.

नेमकं कधी ते सांगता येणार नाही, पण त्या पावसाळ्यात कधीतरी मी 'ए' बाजूच्या वेळेला 'बी' बाजूची वाट पाहू लागले. जे आधी बेसूर वाटलं होतं ते घसा कोंडून बोलणं आहे, हे कळू लागलं. ड्रम कुठे जाणूनबुजून मागे रेंगाळतो, शेवटचं गाणं एका साध्या गिटारवर का आहे, आधीच्या नऊ गाण्यांच्या गोंगाटानंतर ती शांतता माफी मागितल्यासारखी का वाटते, हे हळूहळू उमगत गेलं. हे मला कुणी समजावलं नाही. वेळ गेला, एवढंच झालं. तोही मी आपणहून दिला नव्हता, सेल वाचवायचे होते म्हणून गेला. म्हणून श्रोत्यांनी उदार व्हावं, असं सांगायचा अधिकार मी घेत नाही. माझं म्हणणं एवढंच, की पूर्वी यंत्र आणि पैसे आपल्याकडून जो वेळ काढून घ्यायचे, तो आता कुणी काढून घेत नाही. मग तो आपल्यालाच काढावा लागेल.

माझ्यासारखे पुष्कळ होते, हे नंतर कळलं. १९९७ ते २००० या काळात वीझर जवळपास गप्प होता, आणि त्याच काळात पिंकर्टन हातोहात, कानोकान पसरत गेला. २००१ मध्ये त्याच्या पाच लाख प्रती पुऱ्या झाल्या, २०१६ मध्ये दहा लाख. ज्या 'रोलिंग स्टोन'ने आधी तीन तारे दिले होते, त्याने २००४ मध्ये पुन्हा लिहून पाच दिले. आता तो नव्वदच्या दशकातल्या महत्त्वाच्या अल्बमांत गणला जातो.

ही गोष्ट इथे थांबवली तर छान वाटते: उशिरा का होईना, न्याय मिळाला. पण आठ वर्षं उशिरा आलेला न्याय ज्याच्यासाठी यायचा तो माणूस तोवर दुसराच कुणी झाला होता. अल्बम आपटल्यावर क्वोमोने स्वतःला कोंडून घेतलं. खोलीच्या भिंती काळ्या रंगवल्या, खिडक्या झाकून टाकल्या. बेस वाजवणारा मॅट शार्प १९९८ मध्ये बँड सोडून गेला. २००१ मध्ये वीझरचा तिसरा अल्बम आला तो पुन्हा एकरंगी मुखपृष्ठाचा, पहिल्या अल्बमच्या निर्मात्याकडूनच करून घेतलेला, नीटनेटका, गोड आणि हातचं राखून केलेला. स्वतःबद्दल काहीही उघडं पडणार नाही याची त्यात काळजी घेतलेली जाणवते. त्याच वर्षी एका मुलाखतीत क्वोमोने पिंकर्टनला भयंकर आणि फार दुखावणारी चूक म्हटलं. पार्टीत दारू पिऊन सगळ्यांसमोर मन ओकावं, तेव्हा बरं वाटावं, आणि सकाळी जाग आल्यावर आपलं काय हसं झालं ते कळावं, अशी त्याने तुलना केली होती. पुढे काही वर्षांनी त्याचं मत बदललं, त्याला तो अल्बम धाडसी आणि खरा वाटू लागला. पण २००१ चं ते बोलणं मी विसरू शकत नाही. त्याला ती चूक आहे असं शिकवलं कुणी? आम्हीच, श्रोत्यांनी.

आणि पुढे श्रोत्यांनी आणखी एक गोष्ट केली, ती मला पहिल्या निकालापेक्षाही क्रूर वाटते. पिंकर्टन आवडू लागल्यावर त्यांनी वीझरचा प्रत्येक नवा अल्बम पिंकर्टनच्या मापाने मोजायला सुरुवात केली. तसं काळीज उघडं करून का गात नाहीस, म्हणून त्या माणसाला वर्षानुवर्षं बोल लावला. ज्या उघड्या काळजावर आपणच थुंकलो होतो, ते त्याने पुन्हा आपल्यासमोर ठेवावं, ही मागणी करताना कुणाला आपला आधीचा हात आठवला नाही. काल पहिल्या अल्बमची काठी होती, आज दुसऱ्याची झाली, मारणारा तोच.

कुणी म्हणेल, की पैसे देऊन ऐकणाऱ्याला मत द्यायचा हक्क नाही का? आहे. पण आपल्या भाषेत दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि ती आपण एकमेकांच्या जागी वापरू नयेत. 'मला भावलं नाही' हे पहिल्या दिवशी म्हणता येतं, ते खरंच असतं, त्यावर कुणी वाद घालू शकत नाही. 'चांगलं नाही' हे म्हणायला मात्र ऐकावं लागतं. पहिल्या वाक्याने गाणाऱ्याला वाईट वाटेल, पण त्याची वाट बंद होत नाही. दुसरं वाक्य शेकडो तोंडांतून एकाच आठवड्यात निघालं की पुढचे कार्यक्रम कमी होतात, कंपनी हात आखडता घेते, आणि जो पोरगा तिसऱ्या अल्बमची गाणी लिहितोय तो लिहितानाच घाबरू लागतो. वीझरच्या मागे पहिल्या अल्बमचे पैसे तरी होते. दिवसा नोकरी करून, पदरच्या पैशांनी स्टुडिओ भाड्याने घेणाऱ्या बँडकडे तेही नसतात. २०१० पासून पुण्यात एनएच७ वीकेंडरसारखे मेळे होऊ लागले आणि आपल्याकडेही असे बँड ऐकायला गर्दी होऊ लागली. तिथल्या मंचावर गायकाने 'हे नवीन गाणं' म्हटल्याबरोबर खालून जुन्या गाण्याच्या नावाचा पुकारा होतो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मी फार वेळा पाहिलं आहे.

वेळ दिला की सगळं सोनं निघतं, असंही मी म्हणत नाही. 'सेकंड कमिंग' मी पंचवीस वर्षं अधूनमधून ऐकते आहे. 'टेन स्टोरी लव्ह साँग' आजही मला हलवतं, आणि मधली काही गाणी आजही लांबलेली वाटतात. गिटार इतकी पसरते की बाकीच्यांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. हे मी आता खात्रीने म्हणू शकते. १९९४ मध्ये कुणी म्हटलं असतं तर शब्द तेच असते, पण त्यामागे पाच वर्षं वाट पाहिल्याचा राग बोलत असता.

पिंकर्टनच्या बाबतीतही वेळाने फक्त गोडवाच दाखवला असं नाही. त्यात एक गाणं आहे, एका अठरा वर्षांच्या जपानी मुलीने बँडला लिहिलेल्या पत्रावरून सुचलेलं. श्रोत्याची प्रतिक्रियाच गाणं झाली, असं हे दुर्मीळ उदाहरण. हार्वर्डच्या थंडीत एकट्या पडलेल्या माणसाला दूरच्या एका मुलीचं पत्र येतं, आणि तो त्याला बिलगतो. एकोणीस वर्षांची असताना मी त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून ते ऐकलं होतं. आपल्या पत्राने कुणी इतकं हलावं, याचंच मला अप्रूप वाटलं होतं. चाळिशीत पुन्हा ऐकलं तेव्हा मी थांबले. ती शाळेत काय घालते, तिची खोली कशी असेल, आणि त्यापुढे तिच्या एकांताबद्दल तो जे विचारतो, ते कुठल्याही आईला अस्वस्थ करील. पत्र लिहिणारी मुलगी त्यात माणूस राहत नाही, त्याच्या एकटेपणावरचं औषध होते. आणि ती जपानी आहे यात त्याला वेगळी गोडी वाटते. अल्बमला पिंकर्टनचं नाव देऊन त्याने हा दोष स्वतःच कबूल केला आहे, असं त्याच्या बाजूने म्हणता येतं. मी ते मान्य करते, तरीही अस्वस्थ राहते. अनेक स्त्रियांनी, विशेषतः आशियाई वंशाच्या श्रोत्यांनी, हे पुढे स्पष्टपणे मांडलं. १९९६ च्या मतदानात ज्यांनी त्याला वाईट ठरवलं, त्यांच्या तक्रारींत मात्र हे ठळकपणे दिसत नाही. त्यांचं दुखणं होतं पहिल्यासारखा गोड नाही, हे. खरा दोष दिसायलाही वेळ लागला. घाईचा निकाल चांगल्याला चुकवतो तसा वाइटालाही चुकवतो.

आपल्याकडे साहित्यात हे घडलेलं आहे. बा. सी. मर्ढेकरांचा पहिला संग्रह 'शिशिरागम' १९३९ चा, हळवा, त्या काळच्या कानाला ओळखीचा. दुसरा 'काही कविता' १९४७ चा, आणि त्यात पिपातले उंदीर आले. टिंगल झाली, विडंबनं झाली, दुर्बोध म्हणून झालं, अश्लीलतेचा खटलाही झाला आणि त्यातून ते निर्दोष सुटले. आज मर्ढेकर म्हटलं की तो दुसरा संग्रह आठवतो, पहिला अभ्यासकांपुरता उरला. फरक इतकाच, की मर्ढेकर तरी रेडिओतल्या नोकरीवर पोट भरत होते. वाचकांनी पाठ फिरवली म्हणून चूल विझणार नव्हती.

आजच्या बँडचं पोट कशावर चालतं ते पाहिलं, तर ही घाई फक्त स्वभावाची राहत नाही, व्यवहाराची होते. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवं संगीत शुक्रवारी येतं. शनिवार-रविवारी ते ऐकून होतं, सोमवारी मतं ठरलेली असतात, पुढच्या शुक्रवारी नवा ढीग येतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की एकदा ऐकलं गेलं असं मोजतात. त्याआधी पुढे सरकलात तर ते ऐकलंच नाही असं धरतात. २०२४ पासून तिथे वर्षभरात हजारदा ऐकलं न गेलेल्या गाण्याला मोबदलाच मिळत नाही. आता 'सेकंड कमिंग'चं पहिलं गाणं आठवा. ३० सेकंद सरतात तेव्हा तिथे नुसतं पाणी वाहत असतं. 'सम लाउड थंडर'च्या तीस सेकंदांत स्पीकर फुटल्याचा भास असतो. असा अल्बम आज एखाद्या छोट्या बँडने काढला, तर आठवं-नववं गाणं हजाराच्या आकड्यापर्यंत पोचणं कठीण. आणि पिंकर्टनमधलं माझं सर्वांत आवडतं गाणं दहावं, म्हणजे शेवटचं आहे.

सावकाश उलगडणारं संगीत करायचं धाडस यामुळे कमी होतं, असं मला वाटतं. दुसरा अल्बम ही बँडच्या आयुष्यातली ती जागा असते, जिथे तो आपण खरंच कोण आहोत हे शोधतो. पहिल्यात आपण कोणाला ऐकून मोठे झालो ते असतं. पिक्सीजचा 'डूलिटल' आणि निर्वाणाचा 'नेव्हरमाइंड' हे त्यांचे दुसरे पूर्ण अल्बम, आणि ते मिळाले कारण पहिल्यावेळी फार कुणाचं लक्ष नसल्याने दुसऱ्यावेळी त्यांना कुणाच्या आठवणीशी झगडावं लागलं नाही. ज्यांचा पहिला अल्बम गाजतो, त्यांना मात्र हा शोध आपल्या डोळ्यांसमोर, आपण घड्याळ लावून बसलेलो असताना घ्यावा लागतो.

मी स्वतः काही वर्षांपासून असं करते. आवडत्या बँडचा दुसरा अल्बम आला की पहिले काही आठवडे पहिला अजिबात लावत नाही. नवा मात्र रोज एकदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधलं काही न गाळता लावते. स्वयंपाक करताना, बसमध्ये, कसंही. महिन्याने कुणी विचारलं तर सांगते. त्याआधी विचारलं तर अजून ऐकतेय म्हणते, आणि विचारणाऱ्याला ते विचित्र वाटतं, कारण त्याचं मत शुक्रवारी रात्रीच ठरलेलं असतं. काही अल्बम महिन्यानेही आवडत नाहीत. तेव्हा मी तसं स्पष्ट सांगते, आणि कुठल्या गाण्यात काय खटकलं तेही सांगू शकते.

२०१० च्या नोव्हेंबरात वीझरने एक दौरा सुरू केला. एकेका शहरात दोन रात्री. पहिल्या रात्री निळा अल्बम पूर्ण, दुसऱ्या रात्री पिंकर्टन पूर्ण, पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत, त्याच क्रमाने. मी तिथे नव्हते, पण त्या दुसऱ्या रात्रींचं मनात पुष्कळदा चित्र रंगवलं आहे. समोर १९९६ मध्ये प्राथमिक शाळेत असलेली, किंवा जन्मलेलीच नसलेली पोरं. नवव्या गाण्याचा गोंगाट थांबतो, आणि एकट्या गिटारवर ते माफीचं गाणं सुरू होतं. गाणारा चाळिशीचा झाला आहे. बाजूला बेस घेऊन उभा असलेला माणूस मूळ अल्बमवर वाजवणारा नाही. तो बारा वर्षांपूर्वीच निघून गेला होता.